लसींसाठी फ्रीझर खोली: खरेदीच्या आधी मांडायचा हिशेब

शीतसाखळीच्या कामात असल्यामुळे मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: लसी साठवण्यासाठी चालत आत जाता येईल अशी फ्रीझर खोली उभारायची झाली, तर खर्च किती येतो? विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो आणि तो मिळवणे अवघडही नाही. पुरवठादाराकडून दरपत्रक मागवले की काम होते. परंतु त्या आकड्यात पुढच्या दहा वर्षांचे वीजबिल नसते, जनरेटरचे इंधन नसते, मध्यरात्री अलार्म वाजल्यावर धावून येणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार नसतो, आणि मुळात ती खोली लागणार आहे का, या प्रश्नाचे उत्तर तर नसतेच. म्हणून तो सगळा हिशेब इथे सविस्तर मांडतो आहे. रकमा देशागणिक आणि वर्षागणिक बदलतात, त्यामुळे मी वॅट, युनिट आणि घनमीटर यांच्या भाषेत बोलेन. त्यांना आपापल्या ठिकाणच्या दराने गुणणे कोणालाही शक्य आहे.

सुरुवात लसींपासूनच करायला हवी. साठवणीचे दोन मुख्य तापमान-पट्टे आहेत: अधिक २ ते अधिक ८ अंश सेल्सिअस, आणि उणे २५ ते उणे १५ अंश सेल्सिअस. नियमित लसीकरणातील बहुतेक लसी पहिल्या पट्ट्यातल्या आहेत. दुसऱ्या पट्ट्याची खरी गरज असते ती तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीला, कांजिण्यांच्या काही लसींना आणि मॉडर्नाच्या कोविड लसीसारख्या काही एमआरएनए लसींना. बीसीजी, गोवर-रुबेला, पीतज्वर यांसारख्या भुकटीच्या रूपातील लसी गोठल्याने बिघडत नाहीत, पण त्यांना गोठवण्याचे कारणही नाही. आणि त्यांच्याबरोबर येणारे डायल्युएंट, म्हणजे भुकटी विरघळवण्याचे द्रव, तर कधीच गोठू द्यायचे नसते, कारण त्याची कुपी तडकू शकते. याउलट हिपॅटायटिस बी, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात, पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल, एचपीव्ही या लसींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. या लसी एकदा गोठल्या की क्षारांची रचना मोडते, त्यांच्या गुठळ्या तळाशी बसतात, आणि गेलेली शक्ती लस वितळवून परत येत नाही. तेव्हा 'फ्रीझर खोली असलेली बरी, काहीही ठेवता येईल' हा विचार मला नुसता खर्चिक नव्हे, तर धोकादायक वाटतो. जिथे फ्रीझर खोली आहे, तिथे तिच्या दारावर आत काय ठेवायचे यापेक्षा काय ठेवायचे नाही याची यादी मोठ्या अक्षरांत लावलेली असावी, असा माझा आग्रह असतो.

यानंतर आकारमान. पोलिओच्या तोंडी लसीची एक मात्रा खोके-बांधणीसह एक घनसेंटिमीटर जागा घेते असे हिशेबापुरते धरले, तर एका घनमीटरमध्ये दहा लाख मात्रा मावतात. वास्तविक आकडा बांधणीप्रमाणे आणि एका कुपीत किती मात्रा आहेत त्याप्रमाणे बदलतो, आणि तो उत्पादकाच्या माहितीतूनच घ्यावा. पण परिमाण लक्षात येण्यास एवढे पुरे आहे. शिवाय हीच लस अधिक २ ते अधिक ८ अंशांतही साधारण सहा महिने टिकते, त्यामुळे तिला गोठवून ठेवण्याची गरज दीर्घ साठवणीच्या वरच्या भांडारांतच पडते. दोन-अडीचशे लिटरचे आडवे, वरून उघडणारे चार-पाच फ्रीझर जिथे पुरतात, तिथे खोली बांधणे म्हणजे वीज आणि माणूसबळ वाया घालवणे होय. त्या छोट्या फ्रीझरांचा आणखी एक गुण असा की त्यांतला एखादा बंद पडला तर त्यातला माल शेजारच्या फ्रीझरांत वाटून ठेवता येतो. खोली बंद पडली तर सगळाच साठा एकदम अडचणीत येतो. माझ्या मते गोठवून ठेवायचा साठा काही घनमीटरांच्या घरात गेल्यावरच खोलीचा विचार सुरू करावा. तोही करताना लक्षात ठेवावे की खोलीच्या एकूण घनफळातले फडताळांवर प्रत्यक्ष वापरता येणारे घनफळ फारच कमी असते, कारण मधली वाट, भिंतीपासून सोडायचे अंतर, छताजवळचा पंखा आणि त्याच्यासमोरची हवा खेळती राहण्याची जागा यांत मोठा वाटा जातो.

आता खोली लागणारच आहे असे धरून चालू. उदाहरणासाठी आतून तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी खोली घेऊ. भिंती, छत आणि जमीन मिळून तिचे क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर होते. बाहेर ४० अंश आणि आत उणे २० अंश असतील, तर फरक ६० अंशांचा. पॉलियुरेथेन फोमच्या पॅनेलची जाडी १०० मिलिमीटर असेल, तर चौरस मीटरमागे दर अंशाला सुमारे ०.२२ वॅट उष्णता आत झिरपते, म्हणजे सगळ्या खोलीत मिळून सतत ६३० वॅटच्या आसपास. १५० मिलिमीटर जाडीच्या पॅनेलमधून ती सुमारे ४३० वॅटवर येते. दोनशे वॅटचा हा फरक किरकोळ वाटतो. पण ही उष्णता बाहेर काढण्यासाठी कॉम्प्रेसरला वर्षाकाठी साधारण १,२०० ते १,४०० युनिट जास्त खर्च करावे लागतात, आणि दहा वर्षांत तो आकडा १२ ते १४ हजार युनिटांवर जातो. जाड पॅनेलची किंमत एकदाच मोजायची असते आणि पॅनेल यंत्रापेक्षा जास्त वर्षे टिकते. दरपत्रकांची तुलना करताना सर्वांत स्वस्त प्रस्तावात पॅनेल पातळ केलेले आहे का, हे मी सर्वांत आधी पाहतो.

जमिनीबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण कूलर खोली (अधिक २ ते अधिक ८ अंशांची) आणि फ्रीझर खोली यांच्यातला सर्वांत दुर्लक्षित फरक तिथे आहे. उणे २० अंशांची खोली वर्षानुवर्षे थेट जमिनीवर उभी राहिली, तर उष्णतारोधक थरातून हळूहळू खाली उतरणाऱ्या गारठ्याने मातीतला ओलावा गोठू लागतो, बर्फ फुगतो आणि फरशी उचलली जाते. पॅनेलचे सांधे उघडतात, दार बसेनासे होते, आणि दुरुस्तीसाठी अखेर सगळी खोली मोकळी करून उखडावी लागते. हे टाळण्यासाठी तळाशीही फोमचा पुरेसा जाड थर लागतो आणि त्याखाली हवा खेळवणारी पोकळी किंवा सौम्य तापवणारी विजेची तार टाकावी लागते. दाराच्या चौकटीतही अशीच तापवणारी तार असते, नाहीतर रबरी पट्टी बर्फाने चौकटीला चिकटते. आणखी एक छोटीशी पण अत्यावश्यक वस्तू म्हणजे हवेचा दाब समतोल करणारी झडप. दार उघडल्यावर आत शिरलेली उबदार हवा दार लागताच झपाट्याने गार होऊन आकसते, आतला दाब घटतो, आणि ही झडप नसेल तर दार काही वेळ उघडतच नाही; खूप ताण आला तर पॅनेलही वाकू शकतात.

दाराचा उल्लेख आलाच आहे, तर रचनेविषयीची माझी सर्वांत ठाम शिफारस इथेच सांगतो. फ्रीझर खोलीचे दार शक्यतो अधिक ५ अंशांच्या कूलर खोलीत उघडावे, थेट बाहेरच्या मोकळ्या हवेत नव्हे. बाहेरची दमट हवा आत गेली की तिच्यातले सगळे बाष्प इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे खोलीतली उष्णता शोषणाऱ्या भागाच्या, नळ्यांवर बर्फ होऊन बसते, बर्फाचा थर उष्णतेची वाट अडवतो, आणि मग तो वितळवण्यासाठी डीफ्रॉस्टचा हीटर अधिक वेळा चालवावा लागतो, म्हणजे ज्या खोलीला गार ठेवायचे तिच्यातच आपण विजेने उष्णता ओततो. कूलर खोलीतली हवा आधीच गार आणि त्यामुळे बरीच कोरडी असते. एकाच इमारतीत दोन्ही खोल्या लागणारच असतील, तर ही मांडणी केवळ नकाशात एक दार हलवून साधते.

यंत्राकडे येऊ. आतली हवा उणे २० ठेवायची तर इव्हॅपोरेटरमधला वायू त्याहून सहा-सात अंश थंड असावा लागतो, आणि ती उष्णता बाहेर सोडणारा कंडेन्सर उन्हाळ्यात ५० अंशांपर्यंत तापतो. एवढ्या मोठ्या फरकावर आदर्श यंत्रसुद्धा एका युनिट विजेत तीन युनिटांच्या आसपासच उष्णता उपसू शकते. प्रत्यक्ष कॉम्प्रेसर सव्वा ते दीड युनिटांवर थांबतो. कूलर खोलीत हीच आदर्श मर्यादा पाचच्या आसपास असते. कंडेन्सर सावलीत, मोकळ्या हवेत, धुळीपासून दूर ठेवणे आणि तो नियमित धुणे या साध्या गोष्टींचा वीजबिलावर परिणाम का होतो, ते यावरून कळावे. उष्ण प्रदेशासाठीचे यंत्र ४३ अंशांच्या बाहेरील तापमानात तपासलेले असावे. जागतिक आरोग्य संघटनेची पीक्यूएस ही पूर्वमान्यतेची व्यवस्था लसींच्या उपकरणांची कामगिरी, दर्जा आणि सुरक्षितता तपासते, आणि तिच्यात कूलर खोल्या व फ्रीझर खोल्या यांचा ई००१ हा स्वतंत्र गट आहे. खरेदी कोणत्याही मार्गाने करायची असली, तरी त्या गटाचे तपशील वाचून निविदा लिहिणे फायद्याचे ठरते.

यंत्रे दोन असावीत, आणि त्यांतल्या प्रत्येकाने एकट्याने खोली सांभाळली पाहिजे. 'दोन लहान यंत्रे मिळून एक पूर्ण क्षमता' असा प्रस्ताव आला तर तो नाकारावा, कारण त्यात एक बंद पडले की खोली बंद पडल्यासारखीच असते. दोन्ही यंत्रे आलटून-पालटून आपोआप चालावीत. नुसतेच राखीव ठेवलेले यंत्र गरजेच्या दिवशी सुरू होईलच याची खात्री नसते. शीतकारक वायूची निवड ही आज खर्चाचीही बाब झाली आहे. अनेक वर्षे फ्रीझरांत सर्रास वापरला गेलेला आर-४०४ए हा वायू पृथ्वीचे तापमान वाढवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट प्रभावी आहे, आणि मॉन्ट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर अशा वायूंचे उत्पादन व वापर टप्प्याटप्प्याने कमी केला जात आहे. दहा वर्षे चालवायच्या यंत्रात महाग आणि दुर्मिळ होत जाणारा वायू भरून घेणे शहाणपणाचे नाही.

आता विजेचा अंदाज. १५० मिलिमीटर पॅनेलच्या आपल्या उदाहरणातल्या खोलीत भिंतींतून ४३० वॅट, पंख्यांचे २०० वॅट, दाराच्या उघडझापेचे सरासरी २०० वॅट, आणि डीफ्रॉस्टमधून आत राहणारे दीडशे वॅट धरले, तर यंत्राला सतत एक किलोवॅटच्या जवळपास उष्णता उपसायची आहे. कॉम्प्रेसर, पंखे, डीफ्रॉस्टचा हीटर, चौकट आणि जमीन यांतल्या तारा असे सगळे मिळून दिवसाला ३० ते ३५ युनिट लागतील, म्हणजे वर्षाला साधारण ११ ते १३ हजार. हा ढोबळ अंदाज आहे आणि थंड हवामानात तो बराच खाली येईल. परंतु खरेदीच्या किमतीशेजारी दहा वर्षांचे सव्वा लाख युनिट लिहून ठेवले की निर्णय वेगळा होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

हा अंदाज केवळ साठवणीचा आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे. अनेक भांडारांत लसीकरण मोहिमेच्या दिवसांत फ्रीझर खोलीतच आइसपॅक, म्हणजे लस नेण्याच्या पेट्यांत ठेवायचे पाण्याचे डबे, गोठवायला टाकले जातात. सोय म्हणून ते समजण्यासारखे आहे, पण आकडे पाहावेत. एक लिटर पाणी ३० अंशांवरून शून्यावर आणायला १२५ किलोज्यूल, गोठवायला ३३४, आणि तो बर्फ उणे २० अंशांवर न्यायला आणखी ४२, अशी सुमारे ५०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ०.६ लिटरचे ६०० आइसपॅक म्हणजे ३६० लिटर पाणी. ते चोवीस तासांत गोठवायचे तर सतत दोन किलोवॅटहून जास्त उष्णता उपसावी लागते. म्हणजे ज्या खोलीचा एरवीचा भार एक किलोवॅट आहे, तिच्यावर तिच्या दुप्पट भार वरून येतो. यंत्र या कामासाठी निवडलेले नसेल, तर आइसपॅकही नीट गोठत नाहीत आणि शेजारच्या लसीचे तापमानही वर सरकते. गोठवणे आणि गोठलेले जपणे ही दोन वेगळी कामे आहेत. आइसपॅकची गरज आधी मोजावी, त्यांच्यासाठी वेगळे फ्रीझर घ्यावेत, आणि खोलीतच गोठवायचे असतील तर तो भार निविदेत किलोग्रॅम प्रतिदिन असा स्पष्ट लिहावा. 'आइसपॅक गोठवण्याची सोय असावी' एवढ्या वाक्यावर पुरवठादाराला जबाबदार धरता येत नाही.

वीज जाणार हे गृहीत धरावे लागते. स्वयंचलित सुरू होणारा जनरेटर, पुरवठा आपोआप बदलणारा स्विच, व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि तीन फेजांपैकी एक गेल्यास कॉम्प्रेसर वाचवणारे संरक्षण हे सगळे खोलीच्या किमतीत धरावे. जनरेटरची क्षमता काढताना कॉम्प्रेसर सुरू होतानाचा विजेचा झटका मोजावा, नुसता चालू भार नव्हे. इंधन काही दिवस पुरेल एवढे असावे, आणि जनरेटर ठराविक दिवशी भार टाकून चालवून पाहावा.

याच्या जोडीला तापमानाची नोंद. सतत नोंद करणारी यंत्रणा, वीज नसतानाही चालणारा अलार्म, जबाबदार व्यक्तींच्या फोनवर जाणारा संदेश, आणि तरीही दिवसातून दोनदा, सुटीच्या दिवशीसुद्धा, माणसाने वाचून लिहिलेली नोंद. हा शेवटचा भाग अनेकांना जुनाट वाटतो, पण नोंद करायला दाराशी येणाऱ्या माणसालाच कॉम्प्रेसरचा बदललेला आवाज, दाराच्या कडेला साठलेला बर्फ आणि बंद पडलेला पंखा दिसतो. खोली वापरात घेण्याआधी तापमानाचा नकाशा काढणे तर आवश्यकच आहे: अर्ध्या अंशाइतके अचूक डेटा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारी छोटी उपकरणे, खोलीच्या कोपऱ्यांत, दाराजवळ, पंख्यासमोर आणि फडताळांच्या वेगवेगळ्या उंचींवर ठेवून एक ते तीन दिवस नोंद घ्यायची, खोली रिकामी असताना आणि भरलेली असतानाही. ऋतुमान टोकाचे असेल तिथे हे उन्हाळ्यात व हिवाळ्यात दोन्ही वेळा करावे. लॉगरांचे नियमित प्रमाणीकरण हाही वार्षिक खर्च आहे, आणि अंदाजपत्रकातून सर्वांत आधी तोच कापला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तापमान चढले तर काय, याचाही शांतपणे विचार व्हावा. पोलिओची तोंडी लस काही तास उणे ५ अंशांवर आली म्हणून फेकून द्यायची नसते. ती वितळून पुन्हा गोठली तरी चालते, आणि तिने एकूण किती उष्णता सोसली हे कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णता दाखवणारा ठिपका, रंग बदलून सांगतो. १९९६ मध्ये याच लसीवर तो पहिल्यांदा वापरात आला. कूलर खोलीत मात्र एखाद्या तासाचा गोठवणारा गारठा लाखो मात्रा नासवू शकतो. त्यामुळे मर्यादित निधीत राखीव यंत्र आणि चांगला अलार्म यांपैकी काही एकाच खोलीला द्यायचे झाले, तर मी ते आधी कूलर खोलीला देईन. एमआरएनए लसींना ही मोकळीक नाही. वितळलेली मॉडर्नाची लस पुन्हा गोठवायची नसते, तिची मुदत वितळल्या क्षणापासून मोजली जाते.

उणे ७० अंशांच्या लसींविषयी थोडक्यात. फायझरची मूळ कोविड लस किंवा इबोलाची एर्व्हेबो ही लस फ्रीझर खोलीत दीर्घकाळ ठेवता येत नाही. त्यांना दोन टप्प्यांत थंड करणारे अतिशीत फ्रीझर लागतात, आणि ते ज्या दालनात ठेवायचे ते वातानुकूलित असावे लागते, कारण आतून काढलेली सगळी उष्णता ते त्याच दालनात सोडतात. कोरडा बर्फ वापरायचा असेल तर वायुवीजन उत्तम हवे. बंद जागेत साठणारा कार्बन डायऑक्साइड जीव घेऊ शकतो.

माणसांच्या सुरक्षिततेवर तडजोड नको. दार आतून, कुलूप असतानाही, उघडणारे असावे. आत अडकलेल्याला बाहेर कळवण्यासाठी बटण आणि बाहेर दिसणारा दिवा असावा. उबदार कोट, हातमोजे आणि बूट कामगारांच्या मापाचे आणि पुरेसे असावेत. आणि एकट्याने आत जाऊ नये.

शेवटी करारनामा. पुरवठा, वाहतूक, पाया, उभारणी, विजेची जोडणी, चाचणी, प्रशिक्षण, सुटे भाग आणि किमान पहिल्या काही वर्षांची देखभाल हे सगळे एकाच पुरवठादाराच्या जबाबदारीत बांधावे, म्हणजे बिघाडाच्या वेळी पॅनेलवाला यंत्रवाल्याकडे आणि यंत्रवाला वीजवाल्याकडे बोट दाखवत बसणार नाही. सुट्या भागांत पंख्याची मोटर, कंट्रोलर, डीफ्रॉस्टचा हीटर, दाराची रबरी पट्टी आणि तापमान संवेदक पहिल्या दिवसापासून भांडारात असावेत. बिघाड कळवल्यावर तंत्रज्ञ किती तासांत पोहोचेल हे लिहून घ्यावे आणि उशिराला दंड ठरवावा. आणि किमतीचा शेवटचा हप्ता खोली उभी राहिल्यावर नव्हे, तर भरलेल्या खोलीचा तापमान-नकाशा मर्यादेत आल्यावर, दोन्ही यंत्रे एकेकटी चालवून पाहिल्यावर आणि मुख्य वीज तोडून जनरेटर आपोआप सुरू झाल्याचे सर्वांनी पाहिल्यावरच द्यावा.